कुलूप दिसतंय, पण पलीकडे कोण आहे?

 

ग्रामसंघाच्या बैठकीत हल्ली एक प्रश्न हमखास येतो. "ताई, बँकेच्या साइटवर कुलपाचं चित्र होतं. कुलूप असलं की साइट सुरक्षित, असं सगळे सांगतात. मग तरी बायांचे पैसे कसे जातात?"

प्रश्न अगदी बरोबर आहे. पूर्वी समूहाचा पैसा लोखंडी पेटीत असायचा आणि पेटीची चावी कुणाकडे हे सगळ्यांना माहीत असायचं. आता बचत खात्यात, हप्ता ऑनलाइन, समूहाची माहिती लोकोस ॲपवर, आणि लाडकी बहीणचे पैसेसुद्धा खात्यात. कुलूप आहे, पण ते डोळ्यांना दिसत नाही. म्हणून ते कसं चालतं, आजवर कुठे कुठे मोडलं आणि आपण काय बघायचं, एवढंच आज बोलू.

कुलपाची दोन कामं

आपल्या फोनवरून बँकेला निरोप जातो, तो सरळ जात नाही. फोनवरून टॉवरला, टॉवरवरून कंपनीच्या यंत्राला, तिथून आणखी कुठे कुठे, आणि मग बँकेच्या संगणकाला. वाटेत किती हात लागतात याची गणती नाही. म्हणून आपला फोन निरोप पाठवण्याआधी त्याची अक्षरं अशी उलटीपालटी करतो, की वाटेत कुणी उघडून पाहिलं तरी त्याला अर्थ लागू नये. ज्याच्याकडे किल्ली आहे त्यालाच तो वाचता येतो. याला एन्क्रिप्शन म्हणतात. हे कुलपाचं पहिलं काम. वाट बंद करणं.

पण नुसती वाट बंद करून भागतं का? समजा, मी पाकीट चांगलं चिकटवून दिलं, वाटेत कुणी फोडलं नाही, पण ज्याच्या हातात पडलं तो बँकेचा माणूसच नव्हता. मग चिकटवून काय उपयोग? म्हणून कुलपाचं दुसरं काम आहे, आणि ते पहिल्याहून महत्त्वाचं. पलीकडे बसलेला खरोखर आपली बँकच आहे ना, याची ओळख पटवणं.

हे ओळख पटवणं आपल्याला नवं नाही. समूहाचं खातं काढताना आपण काय करतो? बैठकीत ठराव घेतो, अध्यक्ष, सचिव, कोषाध्यक्ष यांच्या नमुना सह्या बँकेत देतो. पुढे पैसे काढायची स्लिप गेली की काउंटरवरचा माणूस तिच्यावरची सही नमुन्याशी जुळवून बघतो. जुळली तर पैसे, नाही तर स्लिप परत.

इंटरनेटवर नमुना सहीचं काम एक डिजिटल प्रमाणपत्र करतं. बँकेची साइट उघडली की ती आधी आपलं प्रमाणपत्र पुढे करते. त्यावर साइटचं नाव असतं, मुदत असते, तिच्या कुलपाची खूण असते, आणि ते देणाऱ्या संस्थेची सही असते. आपल्या फोनमध्ये अशा विश्वासाच्या संस्थांची एक यादी आधीच भरलेली असते. फोन बघतो की नाव जुळतं का, मुदत संपली का, सही यादीतल्या संस्थेची आहे का. सगळं जुळलं तर वाट उघडते, नाही तर इशारा येतो. हे सगळं डोळ्याचं पातं लवायच्या आत होतं, म्हणून आपल्याला कळतही नाही.

आपल्या देशात डिजिटल सहीची प्रमाणपत्रं देणाऱ्यांवर माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० लागू आहे. या संस्थांना परवाना देणारा आणि त्यांच्यावर नजर ठेवणारा एक सरकारी नियंत्रक आहे. म्हणजे आपल्याकडे समूह, ग्रामसंघ, प्रभागसंघ अशी उतरंड असते, तशीच ही विश्वासाची उतरंड. वरच्याने खालच्यावर विश्वास ठेवला म्हणून आपणही ठेवायचा.

या सहीशी आपली गाठ पडलेली आहे, बरं का. १ मे २०१८ पासून आपल्या राज्यात डिजिटल सहीचा सातबारा मिळतो. अशी सही केलेला एखादा कागद संगणकावर उघडला की कधीकधी सहीच्या जागी पिवळं प्रश्नचिन्ह दिसतं आणि बाया घाबरतात, की कागद खोटा निघाला. पण प्रश्नचिन्हाचा अर्थ खोटा असा होत नाही. त्या संगणकातल्या यादीत सही करणाऱ्याच्या वरची संस्था नाही, म्हणून त्याला ओळख पटली नाही, एवढाच त्याचा अर्थ. सातबाऱ्यावर पडताळणी क्रमांक छापलेला असतो. महसूल विभागाच्या साइटवर तो टाकून बघितला की खात्री होते. पण नीट समजून घ्या, प्रश्नचिन्ह आलं म्हणजे कागद खोटा असं नाही, आणि चिन्ह आलं नाही म्हणजे खरा असंही नाही. पडताळणी करायची ती करायचीच.

जुलै २०१४ ची गोष्ट

आता तुम्ही विचाराल, की प्रमाणपत्र देणाऱ्याकडूनच घोळ झाला तर? तसं झालेलं आहे, आणि दूर कुठे नाही, आपल्याच देशात.

राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र, ज्याला सगळे एनआयसी म्हणतात, ही केंद्र सरकारची संगणकाची संस्था. प्रत्येक जिल्ह्यात तिचं कार्यालय असतं, हिंगोलीतही आहे. सरकारी साइट चालवणं हे तिचं मोठं काम. त्या काळात एनआयसी स्वतः प्रमाणपत्रंही देत असे, आणि सरकारी नियंत्रकाने तिला तो अधिकार दिलेला होता.

२ जुलै २०१४ ला गुगल कंपनीच्या लक्षात आलं, की आपल्या नावाची काही प्रमाणपत्रं एनआयसीच्या सहीने फिरत आहेत. गुगलने ती मागितलेली नव्हती. म्हणजे सही खरी, मोहोर खरी, पण ज्याच्या नावाने प्रमाणपत्र निघालं त्याला पत्ताच नाही. ज्याच्या हाती असं प्रमाणपत्र आणि वाटेवरची जागा दोन्ही असेल, तो मध्ये उभा राहून म्हणू शकतो, "मीच गुगल, दे तुझा पासवर्ड." आणि संगणक त्याच्यावर विश्वास ठेवेल, कारण कागद बरोबर आहे.

गुगलने एनआयसी, सरकारी नियंत्रक आणि मायक्रोसॉफ्ट या तिघांना कळवलं. दुसऱ्याच दिवशी, ३ जुलैला, नियंत्रकाने एनआयसीची प्रमाणपत्रं देण्याची अधिकारपत्रं रद्द केली. नियंत्रकाच्या सांगण्याप्रमाणे एनआयसीची प्रमाणपत्र देण्याची पद्धतच कुणीतरी भेदली होती, आणि चार चुकीची प्रमाणपत्रं निघाली होती, तीन गुगलच्या आणि एक याहूच्या नावांची. गुगलचं म्हणणं पडलं, की या चारांपलीकडचीही आमच्या पाहण्यात आली आहेत, तेव्हा घोळ केवढा आहे याचा अंदाज करता येत नाही. १० जुलैला मायक्रोसॉफ्टने अशी ४५ प्रमाणपत्रं विंडोजमध्ये बाद ठरवली.

यातल्या दोन गोष्टी आपल्या कामाच्या आहेत.

पहिली अशी, की धोका सगळ्यांना सारखा नव्हता. भारताच्या नियंत्रकाचं नाव विंडोज संगणकांच्या विश्वासाच्या यादीत होतं. अँड्रॉइड फोनच्या यादीत नव्हतं. फायरफॉक्स ब्राउझर स्वतःची वेगळी यादी ठेवतो, त्यातही नव्हतं. म्हणजे आपण कुणावर विश्वास ठेवतो, हे आपल्या हातातल्या यंत्रातली यादी ठरवते. आपण ती यादी कधी वाचलेली नसते.

दुसरी गोष्ट, प्रमाणपत्रं विंडोजला खरी वाटत असतानाही गुगलचा क्रोम ब्राउझर आपल्या साइटसाठी ती मान्य करणार नव्हता. का? कारण आपल्या साइटला कोणाची सही चालते, हे गुगलने क्रोममध्ये आधीच लिहून ठेवलं होतं. सही खरी असली तरी "ही आमच्या ओळखीची नाही" असं तो म्हणाला असता. एक तपासणी फसली, तेव्हा दुसरी आडवी आली. आपल्याकडे धनादेशावर एकाच बाईची सही का चालत नाही? याचसाठी.

हा प्रकार किती घातक ठरू शकतो ते नेदरलँडने त्याआधी तीन वर्षं पाहिलं होतं. २०११ मध्ये तिथल्या डिजिनोटार नावाच्या प्रमाणपत्र देणाऱ्या कंपनीत चोर शिरले. त्यांनी काढलेलं गुगलच्या नावाचं खोटं प्रमाणपत्र इराणमधल्या लोकांवर वापरलं गेलं, आणि तपासात सुमारे ३ लाख जोडण्यांना त्याचा फटका बसल्याचं दिसलं. त्याच वर्षी ती कंपनी दिवाळखोरीत गेली. मोहोर सांभाळता आली नाही, तर मोहोरवाल्याजवळ उरतं काय?

यावर जगाने जो उपाय काढला तो ऐकून तुम्हाला आपलीच बैठक आठवेल. आता कोणत्याही साइटचं प्रमाणपत्र निघालं, की त्याची नोंद सगळ्यांना वाचता येईल अशा उघड वहीत करावी लागते. २०१८ पासून नव्या प्रमाणपत्राची अशी नोंद नसेल तर क्रोम ते मान्यच करत नाही. माझ्या नावाने कुणी परस्पर प्रमाणपत्र काढलं, तर वही वाचून मला कळतं. आपण बैठकीत जमाखर्च मोठ्याने वाचून दाखवतो, त्यामागचं कारण हेच. लपून लिहिलेला आकडा कुणी पकडू शकत नाही, दहा जणींसमोर वाचलेला पकडता येतो.

कुलपाच्या कारखान्यातली चूक

आतापर्यंत आपण सहीचं बोललो. आता खुद्द कुलूप बनवण्याचं बघू.

प्रत्येक बँक, प्रत्येक ॲप आपलं कुलूप स्वतः घडवत नाही. ते काम फार नाजूक असतं. म्हणून काही जाणकारांनी तयार करून ठेवलेले प्रोग्रॅमचे भाग सगळे जण आणून बसवतात. अशा तयार भागांच्या संचाला लायब्ररी म्हणतात. आपण घरोघरी कुलूप घडवत नाही, आठवडी बाजारातून आणतो, तसंच. सोय मोठी आहे. पण कारखान्यातच साच्यात चूक राहिली, तर त्या साच्याचं प्रत्येक कुलूप कच्चं.

ओपन एसएसएल नावाची अशी एक लायब्ररी जगातल्या असंख्य साइट वापरतात. ७ एप्रिल २०१४ ला तिच्यातली एक चूक जाहीर झाली. तिला नाव पडलं हार्टब्लीड, म्हणजे काळजातून रक्त पाझरणं. चूक काय होती ते सांगते. दोन संगणकांचं बोलणं चालू असताना मधूनमधून एक दुसऱ्याला विचारतो, "जागा आहेस ना? असशील तर हा शब्द परत पाठव. शब्द आहे हळद, अक्षरं तीन." दुसरा "हळद" असं परत पाठवतो. आता एखाद्या लबाडाने विचारलं, "शब्द आहे हळद, अक्षरं ६४ हजार," तर? शब्द खरोखर केवढा आहे हे तपासायची ओळ लिहायची राहून गेली होती. त्यामुळे समोरचा संगणक "हळद" लिहून त्याच्या पुढे आपल्या स्मरणात जे पडलं असेल ते सगळं, ६४ हजार अक्षरं भरेपर्यंत, देऊन टाकायचा. त्यात कुणाचा पासवर्ड असेल, कुणाचा खाते क्रमांक असेल, कधी कुलपाची किल्लीसुद्धा.

आपल्या भाषेत सांगायचं तर कुणी सचिवाला म्हटलं, "माझ्या खात्याचं एक पान दाखव, पण पानं साठ मोज," आणि सचिवाने न बघता अख्खी वही हातात दिली.

ही चूक मार्च २०१२ पासून, म्हणजे दोन वर्षं, तशीच होती. जाहीर झाली तेव्हा जगातल्या सुमारे ५ लाख सुरक्षित साइट तिच्या तडाख्यात होत्या. कॅनडाच्या कर खात्यातून सुमारे ९०० लोकांचे ओळख क्रमांक यातून चोरीला गेले. आणि जिच्यावर एवढं जग विसंबून होतं, ती लायब्ररी सांभाळणारी माणसं मोजकीच होती. पूर्ण वेळ काम करणारा तर एकच. वापरणारे लाखो आणि डागडुजीला हात कुणाचा नाही. गावातल्या हातपंपाचं काय होतं, ते तुम्हाला मी सांगायला नको.

त्याच वर्षी फेब्रुवारीत ॲपल कंपनीच्या आयफोनमध्येही असंच निघालं. प्रोग्रॅममध्ये "तपासणी सोडून पुढे जा" अशा अर्थाची एक ओळ चुकून दोनदा लिहिली गेली होती. दुसऱ्या ओळीमुळे सही जुळवायची पायरीच वगळली जायची, आणि फोन मात्र सांगायचा, सगळं ठीक आहे. एका जास्तीच्या ओळीने पलीकडच्याची ओळख पटवणं बंद पडलं.

ॲपमध्ये कुलूप दिसतच नाही

ब्राउझरमध्ये निदान वर साइटचं नाव तरी दिसतं. ॲपमध्ये तेही नाही. ॲप बनवणाऱ्याने प्रमाणपत्राची तपासणी नीट लिहिली असेल, यावर आपण निव्वळ भरवसा ठेवतो.

२०१२ मध्ये जर्मनीतल्या संशोधकांनी गुगलच्या दुकानातली १३,५०० मोफत ॲप तपासली. त्यातल्या १,०७४ ॲपमध्ये प्रमाणपत्राची तपासणी कच्ची असल्याचं दिसलं. काही ॲप कोणतंही प्रमाणपत्र मान्य करत होती. म्हणजे काउंटरवरच्या माणसासमोर कुणीही, काहीही सही करून स्लिप ठेवावी आणि त्याने नोटा मोजाव्यात. मग निवडक १०० ॲपवर त्यांनी प्रत्यक्ष मध्ये उभं राहून बघितलं, तर ४१ फसली. त्यातून बँकेची, ईमेलची माहिती त्यांच्या हाती लागली.

असं का होतं? बरेचदा ॲप तयार होत असताना चाचणीसाठी तपासणी तात्पुरती बंद करतात. काम भराभर व्हावं म्हणून. आणि मग ती परत सुरू करायची राहून जाते. तेव्हापासून अँड्रॉइडने आणि गुगलच्या दुकानाने नियम बरेच कडक केले आहेत. पण दुकानाबाहेरून, व्हॉट्सॲपवर आलेल्या लिंकवरून ॲप बसवलं, की त्याला हे नियम लागूच नाहीत. "पीएम किसानचं नवं ॲप", "आरटीओ चलान", "लग्नाची पत्रिका" अशा नावांनी एपीके फाइल फिरतात. त्यात कुलूप कच्चं असण्याचा प्रश्नच उरत नाही, कारण चोरालाच आपण चावीसकट घरात घेतलेलं असतं.

फोन जुना झाला की काय होतं

आपल्याकडे फोन एका हातातून दुसऱ्या हातात जातात. मुलाने नवा घेतला की जुना आईकडे. हरकत नाही. पण फोनमधली ती विश्वासाची यादीही जुनीच राहते. ३० सप्टेंबर २०२१ ला जगभरातल्या लाखो साइटना आधार देणाऱ्या एका मूळ प्रमाणपत्राची मुदत संपली. ज्या यंत्रांनी बरीच वर्षं अपडेट घेतलं नव्हतं, त्यांच्यावर चांगल्या साइट उघडेनात. साइट खऱ्या होत्या, पण ओळखीची यादी जुनी होती.

म्हणून "अपडेट करा" असा निरोप आला की तो टाळू नका. नेटचा खर्च होतो, हे खरं. पण हार्टब्लीड असो की आयफोनची ती जास्तीची ओळ, चूक सापडल्यावर दुरुस्ती अपडेटमधूनच येते. अपडेट न घेणं म्हणजे कारखान्याने कच्चं कुलूप बदलून द्यायचं म्हटलं तरी आपण जुनंच लटकवून ठेवणं.

मग कुलूप असून पैसे जातात कसे?

आता सुरुवातीच्या प्रश्नावर येऊ. आजवर सांगितलेल्या चुका मोठ्या होत्या, पण आपल्या बायांचे पैसे बहुतेक वेळा त्यातून जात नाहीत. ते सोप्या मार्गाने जातात.

साधं प्रमाणपत्र मिळवायला आज पैसेही लागत नाहीत. जो कुणी एखाद्या नावाची साइट घेतो, त्याला त्या नावाचं खरं प्रमाणपत्र काही मिनिटांत मिळतं. चोरालाही मिळतं. त्याने बँकेसारखं दिसणारं पण वेगळं नाव घेतलं, की त्या वेगळ्या नावाचं प्रमाणपत्र खरंच असतं, कुलूप खरंच असतं. वाट पक्की बंद असते, फक्त ती चोराच्या घरी जाते.

लोकांचा हा गैरसमज गुगललाही दिसला. २०२१ मधल्या त्यांच्या अभ्यासात कुलपाचा नेमका अर्थ फक्त ११ टक्के लोकांना सांगता आला. म्हणून सप्टेंबर २०२३ पासून संगणकावरच्या क्रोममधून कुलपाचं चित्रच काढलं, आणि जागी दोन आडव्या रेघांची साधी खूण आणली. कुलूप बघून लोक साइटवाल्याला प्रामाणिक समजत होते, म्हणून.

तेव्हा बघायचं ते नाव. आणि नाव वाचायचं ते शेवटाकडून. पत्त्यात पहिली तिरपी रेघ येते, तिच्या लगेच आधी काय लिहिलंय ते वाचा. रिझर्व्ह बँकेने सगळ्या बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत आपल्या नेटबँकिंगच्या साइट "डॉट बँक डॉट इन" या शेवटावर न्यायला सांगितलं. हा शेवट फक्त बँकांनाच मिळतो, आणि तो देण्याचं काम हैदराबादच्या आयडीआरबीटी या एकाच संस्थेकडे आहे. स्टेट बँकेची साइट आता "एसबीआय डॉट बँक डॉट इन" आहे. सरकारी साइटचा शेवट "जीओव्ही डॉट इन" असतो. लाडकी बहीणची साइट "महाराष्ट्र डॉट जीओव्ही डॉट इन" यावर संपते. नावात बँक, केवायसी, लाडकी, योजना सगळं असेल आणि शेवट वेगळा असेल, तर तिथे आधार क्रमांक टाकायचा नाही, ओटीपी तर नाहीच.

समूहाने काय करायचं

"तुमचे कनेक्शन खाजगी नाही" असा इशारा आला, तर थांबा. आधी फोनची तारीख बघा. तारीख चुकली असेल तरी मुदत जुळत नाही आणि इशारा येतो. तारीख बरोबर असूनही इशारा राहिला, तर "प्रगत" दाबून पुढे जाऊ नका, आणि केंद्रावर दुसरं कुणी जात असेल तर त्यालाही जाऊ देऊ नका. कधीकधी खऱ्या साइटचंही प्रमाणपत्र वेळेवर नवं केलेलं नसतं. ते काम साइटवाल्याचं आहे, त्याच्या आळसासाठी आपण जोखीम घ्यायची गरज नाही. दुसऱ्या दिवशी करू, नाही तर बँकेत जाऊ.

बँकेची लिंक कुणी पाठवलेली उघडू नका. समूहाच्या बँकेचा बरोबर पत्ता आणि फोन नंबर पासबुकावरून किंवा शाखेतून घेऊन इतिवृत्ताच्या वहीत पहिल्या पानावर लिहून ठेवा. ॲप फक्त गुगलच्या दुकानातून घ्या. समूहाचा ऑनलाइन व्यवहार एकटीने करू नका. एकीने करायचा, दुसरीने नाव आणि रक्कम मोठ्याने वाचायची. पुढच्या बैठकीत त्याची नोंद वाचायची.

आणि पैसे गेलेच तर? लाजेने गप्प बसू नका. ताबडतोब १९३० वर फोन करा, बँकेला कळवा, तक्रार क्रमांक घ्या, तारीख आणि वेळ लिहून ठेवा. रिझर्व्ह बँकेचं ६ जुलै २०१७ चं परिपत्रक आहे, सहकारी बँकांसाठी त्याच वर्षी डिसेंबरात वेगळं निघालं. त्यात म्हटलंय, की चूक बँकेचीही नाही आणि खातेदाराचीही नाही, यंत्रणेत दुसरीकडेच कुठे आहे, आणि बँकेचा निरोप आल्यापासून तीन कामाच्या दिवसांत कळवलं, तर खातेदारावर एक रुपयाचीही जबाबदारी येत नाही. चूक बँकेची असेल तर कधी कळवलं याचाही प्रश्न नाही. चार ते सात दिवस झाले, तर साध्या मूलभूत बचत खात्याला जास्तीत जास्त ५ हजार रुपयांपर्यंत तोटा सोसावा लागतो. मात्र ओटीपी किंवा पिन आपणच सांगितला असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचा तोटा आपला. म्हणून दिवस मोजले जातात, हे लक्षात ठेवा.

कुणी सुशिक्षित माणूस म्हणेल, "बायांना मोबाइल कळत नाही म्हणून असं होतं." त्याला एनआयसीची, ओपन एसएसएलची, ॲपलची गोष्ट सांगा. तिथे जगातले हुशार इंजिनिअर बसले होते. प्रत्येक ठिकाणी एकच झालं, तपासायची एक पायरी कुणीतरी गृहीत धरली. अडाणी असण्याचा आणि फसण्याचा संबंध लोक समजतात तेवढा नाही. आपल्याला तर दर बैठकीत वही तपासायची सवय आहे. तीच सवय फोनवर न्यायची आहे.

पुढच्या बैठकीत एक काम करा. प्रत्येकीने आपल्या बँकेच्या साइटचं नाव शेवटाकडून वाचून दाखवायचं, आणि फोनची तारीख तपासायची. दहा मिनिटं लागतील. ज्या ताईला वाचता येत नाही तिच्या शेजारी वाचणारी बसवा. काही शंका राहिली तर आपल्या गावच्या सीआरपी ताईंना किंवा बँक सखीला विचारा, आणि आम्हालाही कळवा.